पाच बाय पाच फुटांवर लावलेलं अरण्य

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. म्हणजे पुढे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लागले की कोणी मध्ये बोलायला नको. माझ्या भाच्याने अंतराळातला एक पिक्चर काढला होता. त्यातला परग्रह म्हणजे असोद्याच्या शिवारातली आमची केळीची बाग. आणि शूटिंगच्या दोन दिवस आधी तो परग्रह मी सहा बायका लावून साफ करून घेतला.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, म्हणजे आताच्या मानाने पोरच. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. घरचे लोक भांडण नको म्हणून गप्प बसतात आणि ती समजते की त्यांनाही पटलंय.

हा भाचा म्हणजे धुळ्याच्या माझ्या धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा. भाऊ पिक्चरच्या दोन वर्षं आधीच गेला. पोराने पुण्यात राहून कॅमेऱ्याचं शिक्षण घेतलं, चार लोक जमवले आणि थेट परग्रहावर जायचं ठरवलं. पहिला पिक्चर माणसाने जमिनीवरचा काढावा, असं मला वाटलं होतं. पण विचारतं कोण? दोन महिने आधी येऊन त्याने बाग पाहिली आणि मला बजावून सांगितलं.

"फुई," तो म्हणाला. आमच्या धुळ्याकडे आत्याला फुई म्हणतात. "बांधाकडला तो जुना पट्टा शे ना, त्याले कोणी हात नको लावजो. वाळेल पानं, गवत, बठ्ठं तसंच ऱ्हाऊ दे. माले जंगल पाहिजे."

मला सगळं नीट ऐकू आलं आणि नीट समजलंही, म्हणून माझा गुन्हा जास्त मोठा. केळीला वाळकी पानं लोंबू द्यायची नाहीत, खोडाशी उगवलेली फालतू पिलं ठेवायची नाहीत, हे इकडे कोणाला शिकवावं लागत नाही. ज्याच्या बागेत पानं लोंबतात त्याच्या चुलीपाशी उष्टी भांडी पडलेली असतात, असं माझी सासू म्हणायची. आणि इथे तर ती बाग पडद्यावर जाणार. रावेरपासून भडगावपर्यंतचे सोयरे तिकीट काढून बघणार की असोद्याची ही बाई केवढी आळशी आहे. मी मनाशी ठरवून टाकलं की पोरगं संकोचाने बोलतंय. फुईला त्रास नको म्हणून "हात लावू नको" म्हणतंय.

आमचे हे एवढंच म्हणाले, "त्याने नको म्हटलंय ना?"

"तुम्हाला पिक्चरमधलं काय कळतं?" मी म्हणाले. जसं काही मी स्वतः दोनदा चंद्रावर जाऊन आले होते.

दोन दिवसांत त्या पट्ट्याचं रूप पालटलं. वाळकं पान एक ठेवलं नाही. पिलं काढली, गवत उपटलं, ठिबकच्या वाकड्यातिकड्या नळ्या ओढून सरळ केल्या. घडांवर नव्या कोऱ्या निळ्या पिशव्या चढवल्या. शेताच्या तोंडाशी सडा टाकला आणि त्यावर आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. परग्रहाच्या दारात एवढं स्वागत कोणाचं झालं नसेल.

सकाळी त्यांच्या गाड्या आल्या. भाचा बांधावर चढला आणि तिथेच उभा राहिला. त्याच्यासमोर पाच बाय पाच फुटांवर, दोरी धरून लावल्यासारखं, झाडलेलं-पुसलेलं अरण्य होतं. 

"फुई, हाई कोणी करं?" त्याने विचारलं.

माझ्या सहाही बायका पाठीमागे उभ्या होत्या. शूटिंग बघायला नवी लुगडी नेसून आल्या होत्या. आणि मी, एकोणसाठ वर्षांची शहाणी बाई, म्हणाले, "मजुरांनी. सांगितलेलं ऐकतच नाहीत रे आजकाल."

त्यातल्या एकीने पदर तोंडात धरला. त्या सहाजणींनी नंतर वर्षभर माझ्याकडे कामाला येताना जो चेहरा केला, तो मला मिळायलाच हवा होता.

हिरो त्यांना चारच दिवस मिळाला होता, त्यामुळे दुसरं रान शोधायला वेळ नव्हता. मी मात्र खुशीत होते. दुपारी सगळ्यांना भरीत आणि कळण्याच्या भाकरी वाढल्या. हिरोने चवीने दोन वेळा भरीत घेतलं आणि मग अंतराळवीराच्या पोशाखाची चेन पाठीमागून अडकली. शेवटी पोशाख उसवून त्याला बाहेर काढावं लागलं. पिक्चरमध्ये एका जागी तो पाठ वळवतो तेव्हा पांढऱ्या दोऱ्याची शिवण दिसते. ती माझी, गोधडीची.

पिक्चर लागला तेव्हा मी असोद्याहून दोन जीपा भरून बायका जळगावला नेल्या, दुपारच्या खेळाला. आम्ही मधल्या रांगा अडवून बसलो. पिक्चरचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी पाहिला तेही विसरलेत, त्यांना कशाला त्रास द्या?

गोष्ट अशी, की पृथ्वीवरचं अन्न संपत आलंय आणि एक शास्त्रज्ञ नवा ग्रह शोधायला निघतो. हा शास्त्रज्ञ भर मे महिन्यात बंद गळ्याचा कोट घालतो, कपाळावर घाम नाही. जळगावात मे महिन्यात कोट घालणारा माणूस ग्रह कशाला शोधेल, आधी सावली शोधेल. यान उतरतं. यानाचं दार आपल्या धान्याच्या कोठीच्या झाकणासारखं, आणि आवाजही तोच. शास्त्रज्ञ बाहेर येतो, हातातल्या यंत्राकडे बघतो आणि म्हणतो, "इथे मानवाचं पाऊल कधीच पडलेलं नाही." कॅमेरा खाली येतो. ठिबकच्या चार नळ्या, सरळ, एका ओळीत.

थिएटर हसलं. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. नळ्या मीच सरळ केल्या होत्या, हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. बायकांना दाखवण्याची घाई होती मला. "हा बघा आमचा बांध. तो तिथे निंब. ती विहीर दिसत नाही, पण त्या पलीकडेच आहे." अख्खा पिक्चर मी त्यांना आमचं शेत दाखवत होते. परग्रहावरचे जीव म्हणे निळ्या कोषांतून जन्म घेतात. ते कोष म्हणजे घडांवरच्या पिशव्या. एक बाई म्हणाली, "अक्का, तुमच्या बागेत यंदा राक्षस लागले का गं?" आणि खरोखरच राक्षस आला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा बांधलेला. तो चालला की काड्या गळत, आणि पुढच्या दृश्यात त्याच्या अंगावर पुन्हा येत.

खेळ सुटल्यावर भाचा दाराशी उभा होता. नवा सदरा, हात जोडलेले. येईल त्याला विचारत होता, कसा वाटला. लोक काहीतरी पुटपुटून चपला शोधायला लागत. मला मात्र त्या दिवशी वाटलं की हशा पिकवायला देवाने मलाच नेमलंय. दोन जीपांमधल्या बायका, जावई, दोन-चार पाहुणे, सगळ्यांसमोर मी म्हणाले, "अरे, त्या ग्रहावर जायला एवढं रॉकेट कशाला? असोद्याची एसटी सुटते की."

दाराशी एवढा मोठा हशा पिकला की तिकिटं फाडणारा माणूसही काय झालं ते बघायला आला. भाचाही हसला. अजून आठवतं, हसताना त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

ते वाक्य आठवड्याभरात धुळ्यापर्यंत पोचलं. कोणाच्या लग्नात तो दिसला की कोणीतरी म्हणायचंच, काय रे, रॉकेटने आला का एसटीने? पिक्चर आठवड्याभरात उतरला. दुसरा त्याने काढला नाही. धुळ्यात एका कॉलेजात शिकवायला लागला. कुठे भेटला तर वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "आपली प्रकृती कशी आहे?" पाळण्यात असताना ज्याची दुपटी मी धुतली, तो मला 'आपली' म्हणतो. माझ्या घरी त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षं मी म्हणत राहिले की त्याला थट्टा कळत नाही. पुरुषांच्या नाकाला लगेच मिरच्या झोंबतात, असंही म्हणाले. यंदा मात्र त्याच नाकाची मला गरज पडली.

मला एकच मुलगी, मुलगा नाही. म्हणजे माझ्या मुलीला भाऊ हा एकच, मामाचा मुलगा. आणि तिच्या मुलीला, माझ्या नातीला, मामाही हाच एक. यंदा नातीचं लग्न ठरलं. आमच्यात मुलीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं होईतो तिच्या पाठीशी उभा राहतो. बाकी काय वाटेल ते भाड्याने मिळतं, मामा मिळत नाही. मुलगी पत्रिका घेऊन धुळ्याला गेली आणि तोंड पाडून परत आली.

"येतो म्हणाला," ती म्हणाली. "पण एक अट आहे त्याची. तू त्याच्या पिक्चरमधली एक चांगली गोष्ट सांगायची. एकच. पण खरी पाहिजे म्हणाला. उगाच खुश करायला सांगितलेली मला ओळखू येते, म्हणाला."

"अन् नाही सापडली तर?"

"तर तो नुसता जेवायला येईल. पाठीशी उभा राहणार नाही."

नात शेजारीच बसली होती. ती नाशिकला नोकरी करते, फार बोलत नाही. तिने मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आजी, माझ्या पाठीशी कोण उभं राहणार ते तुझ्या जिभेने ठरवलं होतं. आता तूच निस्तर."

मग तिनेच कुठूनसा तो पिक्चर शोधून काढून टीव्हीवर लावला. चार दुपारी आम्ही दोघी तो बघत होतो. एका बैठकीत बघण्यासारखा तो नाहीच. माणसाने कारलं कसं खावं, थोडं थोडं, तसा.

पहिल्या दुपारी मी म्हणाले, "गाणं एकच आहे. ही चांगली गोष्ट."

"ही नसलेल्या गाण्यांची चांगली गोष्ट झाली. असलेली सांग."

"राक्षस गरीब आहे बिचारा. कोणाला मारत नाही."

"त्याचे हात गळून पडलेत, आजी. तो मारणार कशाने?"

दुसऱ्या दुपारी मी शास्त्रज्ञाच्या आवाजाची तारीफ करून पाहिली. नातीने सांगितलं की आवाज त्या नटाचा नाहीच, दुसऱ्या कोणाचा तरी घातलेला आहे. मग म्हणाले, अंतराळ काळंभोर दाखवलंय, छान आहे. ती म्हणाली, काळं दाखवायला काय लागतं, दिवा बंद केला की झालं. मी चिडले. पण पोरगी बरोबर होती. भाच्याला असलं काही सांगितलं असतं तर त्याने "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला असता.

आणि एक भलतंच व्हायला लागलं. मी जेवढ्या वेळा त्या पिक्चरला हसायला जायचे, तेवढ्या वेळा हसण्याचं कारण माझंच निघायचं. नळ्या, माझ्या. ओळीत उभं असलेलं अरण्य, माझं. निळे कोष, मी चढवलेले. एका दृश्यात शास्त्रज्ञ दाट रानातून वाट काढत येतोय, हाताने पानं बाजूला सारतोय, आणि सारायला पानंच नाहीत. तो बिचारा हवा बाजूला सारत चालतोय. वाळकी पानं कंबरेपर्यंत लोंबत असती, उन्हात सळसळत असती, तर मलासुद्धा तिथे भीती वाटली असती. मी ते रान पाहिलेलं होतं ना, साफ करायच्या आधी. संध्याकाळच्या वेळी मीही त्या पट्ट्यात एकटी शिरत नसे. त्या पोराने बरोबर जागा निवडली होती. ग्रह त्याला सापडला होता. मी त्याच्यावर सडा टाकला.

तरी खरं सांगते, साफ केलं नसतं तरी तो पिक्चर वाईटच होता. झाकण कोठीचंच होतं आणि राक्षस काड्यांचाच. तेवढी शरम मी माझ्या पदरात घेणार नाही.

चौथ्या दुपारी ते दृश्य आलं. पिक्चर अर्धा झाल्यावर शास्त्रज्ञ यानाशेजारी बसलेला असतो. पृथ्वीवरून त्याच्या म्हाताऱ्या बापाचा निरोप येतो. तिकडचा शब्द इकडे यायला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून बापाला सांगितलेलं असतं की उत्तराची वाट बघू नका, एकदमच बोलून घ्या. तर हा बाप बोलतो कसा? "जेवलास का?" म्हणतो आणि थांबतो. समोर बसलेल्याने उत्तर द्यावं एवढा वेळ. मग म्हणतो, "बरं." पुढे, "तिकडे ऊन आहे का?" पुन्हा थांबतो. "बरं. इकडे आज नळाला पाणी आलं." आणि इकडे हा शास्त्रज्ञ, कोटातला, घाम न येणारा, प्रत्येक थांबण्यात उत्तर देतो. जेवलो. आहे ऊन. तिकडे पोचणार नाही हे माहीत असून, बापाच्या 'बरं'च्या आधी बरोबर बसेल असं. दोघांमध्ये चाळीस मिनिटांचं अंतर आणि बोलणं एकदाही एकमेकांवर आदळत नाही.

मी नातीला म्हणाले, "परत लाव."

तिने परत लावलं. मी म्हणाले, "अजून एकदा."

माझा भाऊ शेवटची चार-पाच वर्षं ठार बहिरा होता. पण दर रविवारी धुळ्याहून मला फोन करायचा. त्याला माझा एक शब्द ऐकू यायचा नाही. तो विचारायचा, "अक्का, तब्येत बरी शे का?" थांबायचा. मग म्हणायचा, "बरं." पुढचं विचारायचा. सुरुवातीला मी ओरडून ओरडून उत्तरं द्यायचे. मग एक दिवस विचार केला, ऐकू तर येत नाही, घसा कशाला फोडा? तेव्हापासून त्याचा फोन आला की मी रिसीव्हर ओट्यावर ठेवून भाजी चिरत बसायचे. मधून मधून कानाला लावून बघायचे, संपलं का म्हणून. तिकडे तो विचारत असायचा, थांबत असायचा, बरं म्हणत असायचा. आणि त्याच्याशेजारी, धुळ्याच्या त्या घरात, त्याचा मुलगा बसलेला असणार. हे सगळं बघत.

ते दृश्य मी थिएटरात पाहिलंच नव्हतं. डोळ्यांसमोरून गेलं असणार. पण त्या वेळी शास्त्रज्ञाच्या पाठीमागे आमचं निंबाचं झाड दिसत होतं, आणि मी बायकांना सांगत होते की याच्या काड्यांनी आम्ही दात घासतो.

 नातीने फोन लावून माझ्या हातात दिला.

"नमस्कार," भाचा म्हणाला. "आपण कशा आहात?"

"बरी आहे. पिक्चर पाहिला."

"कोणता?"

"तुझाच रे. दुसरा कोणता काढलायस?"

 मी जीभ चावली. सवय एका दिवसात जात नाही. मग म्हणाले, "त्यात बाप 'बरं' म्हणतो ना, ते खरं आहे. साडेतीन मिनिटं असतील. पुढचं-मागचं सगळं पुरून टाकलंस तरी चालेल, पण ती साडेतीन मिनिटं मी तीन वेळा पाहिली. माझा भाऊ आहे तो."

  मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि त्या शास्त्रज्ञासारखी मी कधी उत्तरं दिली नाहीत," मी म्हणाले. "मी रिसीव्हर ओट्यावर ठेवायचे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "भाजी चिरल्याचा आवाज यायचा. कधी कधी आबा दमले की मी कानाला लावायचो."

 बोलण्यासारखं एकच उरलं होतं, तेही सांगून टाकलं. म्हणाले, "अन् अजून एक. बाग मजुरांनी नव्हती साफ केली. मी करवून घेतली. तू नको म्हणून सांगितलेलं असताना. त्या बायकांचं नाव मी उगाच घेतलं. तुझं जंगल मी झाडून टाकलं आणि वर दारात उभी राहून तुलाच हसले."

नातीने माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. लग्न आठवड्यावर आलेलं, आणि मी मामाला नको त्या वेळी नको ते सांगून बसले होते. मला वाटलं आता हा "आभारी आहे" म्हणतो. तिकडे त्याने घसा खाकरला, आणि अकरा वर्षांनी मला फुई म्हणाला:

"बागनं सोड, फुई, तो पिक्चर मीच पाडेल शे. येसू मी लगीनले, पोरना पाठीशी उभा बी ऱ्हासू. फक्त मंगलाष्टकं चालू शेतस तोवर तू गप बठजो."